बाईने पहिली रोड सायकल कशी निवडावी आणि अंगाला कशी बसवून घ्यावी

माझी पहिली रोड सायकल माझ्यापेक्षा एक माप मोठी होती. दुकानात त्या मॉडेलची तेवढी एकच शिल्लक होती आणि "सीट खाली घेतली की झालं" असं सांगून ती मला दिली गेली. तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं, मान आखडायची, सीटवर बसवत नसे. हा खेळच कष्टाचा आहे, आपलं अंग अजून तयार झालेलं नाही, असं मी कित्येक महिने स्वतःला समजावत राहिले. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा पुढचा तुकडा, बदलून ३ सें.मी.नी आखूड लावला आणि रुंद सीट दिली. त्याच आठवड्यात, त्याच सायकलवर, मी पहिल्यांदा ५० किलोमीटर फिरून आले आणि घरी येऊन खुर्चीत सरळ बसू शकले.

म्हणून या लेखात ब्रँड आणि मॉडेल शेवटी येतात. आधी तुमची मापं, मग फ्रेम, मग सुटे भाग, आणि सर्वांत जास्त वेळ सायकल अंगाला बसवण्यावर. मांड्या दमणं, दम लागणं हे सायकलिंगमध्ये होणारच. बधिरपणा, चिमटा बसल्यासारखं दुखणं, कातडी सोलवटणं हे मात्र होता कामा नये. ते होत असेल तर दोष सायकलच्या मापात शोधा, स्वतःत नको.

आधी स्वतःची चार मापं

सायकल बघायला जाण्याआधी घरी अर्धा तास काढा. मोजपट्टी, पेन्सिल, जाड बांधणीचं एक पुस्तक आणि मदतीला कोणीतरी, एवढं पुरे.

पहिलं माप उंचीचं. दुसरं, आणि उंचीपेक्षा महत्त्वाचं, पायांच्या आतल्या लांबीचं. याला इनसीम म्हणतात. पँट शिवताना घेतात ते हे माप नव्हे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. दोन पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवा. पुस्तकाची एक कड भिंतीला टेकवून ते पायांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर येईल तेवढा दाब जाणवेपर्यंत वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या, कारण इथे एक सेंटिमीटर चुकला तर पुढे सीटची उंचीही जवळजवळ तेवढीच चुकते.

तिसरं माप खांद्यांचं. खांद्यावरून बोटं बाहेरच्या बाजूला सरकवत नेली की टोकाला हाडाचा उंचवटा लागतो. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांमधलं अंतर लिहून ठेवा. हँडलची रुंदी ठरवताना ते लागेल.

चौथं माप बहुतेक जणींनी आयुष्यात कधी घेतलेलं नसतं: बैठकीच्या दोन हाडांमधलं अंतर. कठीण जागी बसलो की ढुंगणाखाली जी दोन हाडं टोचतात तीच ही. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा किंचित उचला, थोडं पुढे वाका आणि मिनिटभर तशाच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. उजेड तिरपा पडेल असा पुठ्ठा धरला की ते स्पष्ट दिसतात. दोन्ही खळग्यांचे मध्यबिंदू काढून त्यांतलं अंतर मोजा. साधारण ११ ते १५ सें.मी.च्या दरम्यान काहीतरी येईल. कमरेच्या घेरावरून या मापाचा अंदाज बांधू नका. माझी एक अगदी सडपातळ मैत्रीण आहे, तिचं अंतर माझ्यापेक्षा दीड सेंटिमीटरने जास्त निघालं.

कोणत्या जातीची रोड सायकल

वाकडं, खाली वळलेलं हँडल आणि अरुंद टायर दिसले की आपण रोड सायकल म्हणतो, पण त्यात दोन घराणी आहेत. शर्यतीच्या सायकलीत हँडल खाली आणि लांब असतं, वळणांवर ती चटकन वळते. एन्ड्युरन्स प्रकारात हँडल थोडं वर आणि जवळ येतं, चाकांमधलं अंतर जरा जास्त असतं, टायर रुंद बसतात आणि सायकल सरळ रेषेत शांत चालते. पहिलीच सायकल असेल तर एन्ड्युरन्स घ्या. ती हळू असते हा गैरसमज आहे. तीन तास आरामात बसता आलं तर तुम्ही कमी थांबता, आणि एकूण वेळ त्यातच वाचतो. रस्ते फारच खडबडीत असतील किंवा कच्च्या वाटांवर जायचं असेल तर ग्रॅव्हल सायकलही बघा. बसवण्याचे पुढचे सगळे नियम तिलाही लागू आहेत.

"लेडीज" लिहिलेलीच घ्यावी का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, त्यामुळे जरा मागे जाऊन सांगते. १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी बुटक्या बायकांसाठी रोड सायकली बनवणारी कंपनी काढली. त्यांच्या सायकलींचं पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान असायचं. ते शोभेसाठी नव्हतं. लहान फ्रेममध्ये पूर्ण मापाचं चाक कोंबलं की हँडल लांब जातं आणि वळताना पायाची बोटं चाकाला लागतात; चाक लहान केलं की दोन्ही अडचणी सुटतात. पुढे मोठ्या कंपन्यांनीही बायकांच्या वेगळ्या फ्रेम आणल्या. जायंटने २००८ मध्ये लिव्ह हा खास बायकांसाठीचा ब्रँड सुरू केला आणि तो आजही स्त्रियांच्या शरीरमापांवरून फ्रेम आखतो. उलट स्पेशलाइज्डने आपल्याकडे जमलेल्या हजारो फिटिंगच्या नोंदी तपासल्या आणि एकाच उंचीच्या दोन बायकांमध्येही इतका फरक असतो की स्त्री-पुरुष अशी वेगळी फ्रेम ठेवण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष काढून वेगळ्या फ्रेम बंद केल्या.

दोन्ही कंपन्यांच्या सायकली चांगल्या आहेत, आणि त्यावरूनच माझं मत ठरलं आहे: पाटीवर काय लिहिलंय ते बघू नका. "बायकांचे पाय लांब आणि धड आखूड" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. काही जणींच्या बाबतीत ते खरं असतं, अनेकींच्या बाबतीत नसतं. तुम्ही आता स्वतःची मापं घेतली आहेत, तेव्हा असल्या सरसकट वाक्यांची तुम्हाला गरज नाही. सीट, हँडलची रुंदी, क्रँकची (पॅडलच्या दांडीची) लांबी आणि ब्रेक लिव्हरचं अंतर या चार गोष्टींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बायकांची अडचण बहुधा फ्रेमपेक्षा इथे होते. फक्त रंग बदलून आणि गिअर हलक्या दर्जाचे लावून विकलेली "लेडीज" सायकल असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

फ्रेमचं माप

फ्रेमवर ४८, ५१, ५४ असे सेंटिमीटरमधले आकडे असतात, किंवा एक्सएस, एस, एम अशी अक्षरं. एका कंपनीची ५० आणि दुसरीची ५० सारखी नसते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरचा भूमितीचा तक्ता उघडा आणि त्यात दोनच रकाने शोधा: स्टॅक आणि रीच. पॅडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मधल्या बिंदूपासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे, तो स्टॅक. त्याच बिंदूपासून ते टोक किती पुढे आहे, तो रीच. रीच लहान असेल तर हँडल जवळ, स्टॅक मोठा असेल तर हँडल वर. दोन सायकलींच्या रीचमध्ये १० मि.मी.चा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण स्टेम त्याच पायऱ्यांनी आखूड-लांब मिळतो. म्हणजे तो फरक पुरता एका स्टेमचा आहे.

दोन मापांच्या मधे अडकलात तर काय? मी बहुतेक वेळा लहान घ्यायला सांगते. लहान फ्रेम थोडा लांब स्टेम लावून वाढवता येते. मोठी फ्रेम एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही, कारण स्टेम फार आखूड झाला की हँडल अतिचपळ वाटू लागतं. अपवाद एकच. पाय लांब असतील आणि लहान फ्रेमवर सीट हँडलच्या खूप वर जात असेल, तर मोठं माप बघा, नाहीतर तुम्ही सतत तोंड खाली घालून चालवाल.

उभ्या राहून सायकल पायांमध्ये घेतली की वरच्या नळीपासून २-३ सें.मी. तरी मोकळी जागा हवी. सिग्नलला उतरताना याची किंमत कळते.

आणि बुटक्या बायकांसाठी खास तपासणी: पॅडल आडवं ठेवा, पुढच्या पायाचा चवडा त्यावर टेकवा आणि हँडल वळवा. बूट चाकाला लागतो का? थोडा लागत असेल तर घाबरू नका, कारण वेगात हँडल इतकं वळतच नाही. हा प्रकार फक्त अगदी सावकाश, वळसा घेताना होतो. पण नवख्या बाईला नेमकं तिथेच पडायची भीती असते. तुमची उंची १५५ सें.मी.च्या खाली असेल तर नेहमीच्या ७००सी चाकांऐवजी थोड्या लहान, ६५०बी चाकांची लहान फ्रेम मिळते का ते जरूर विचारा.

सुटे भाग: कुठे आग्रह धरायचा

क्रँक, म्हणजे पॅडलची दांडी. बऱ्याच सायकलींना १७० किंवा १७२.५ मि.मी.ची असते. उंची १६० सें.मी.च्या आसपास असेल तर १६५ किंवा त्याहूनही आखूड मागा. पॅडल वर येतं तेव्हा लांब दांडीमुळे गुडघा पोटाकडे ढकलला जातो, कंबर गोल होते आणि सीटवर सगळं अंग डुलतं. १७० वरून १६५ वर आलं की पॅडल वरच्या टोकाला ५ मि.मी. खाली राहतं आणि तळाशी पाय पुरावा म्हणून सीटही ५ मि.मी. वर घेता येते, म्हणजे गुडघ्याला एकूण सेंटिमीटरभर जागा मिळते. खरेदीच्या वेळी बदलून मागितली तर अनेक दुकानं देतात. नंतर बदलणं खर्चाचं.

हँडलची रुंदी खांद्यांच्या मापाएवढी किंवा त्याहून किंचित कमी. बायकांना बहुधा ३६, ३८ किंवा ४० सें.मी. पुरतं, सायकलीवर मात्र ४२ बसवलेलं सापडतं. रुंद हँडलवर हात फाकतात आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये कळ येते.

ब्रेक लिव्हर. याबाबत मी आग्रही आहे, कारण हा सुरक्षेचा प्रश्न आहे. हात लिव्हरच्या वरच्या बोंडावर असताना एका बोटाने, आणि खाली वळलेल्या भागात हात असताना दोन बोटांनी, ताण न देता लिव्हर पकडता आला पाहिजे. शिमानो आणि स्रॅमच्या आजच्या बहुतेक लिव्हरमध्ये अंतर कमी करायचा छोटा स्क्रू असतो. दुकानदाराला तो तुमच्यासमोर फिरवायला सांगा. फिरवल्यानंतर ब्रेक पूर्ण दाबला तरी लिव्हर हँडलला टेकता कामा नये, हेही बघा. शक्य असेल तर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या. लांब उतारावर लहान हातांना त्याचा फार आधार वाटतो.

गिअर. पुढे दोन दातेरी चक्रं असतात, मागे कॅसेट, म्हणजे लहान-मोठ्या दातेरी चक्रांचा संच. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ अशी जोडी पहिल्या सायकलीला उत्तम. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे ३४, मागे ३४ दात येतात, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी, साधारण २.१ मीटर. त्याउलट पुढे ३६ आणि मागे २८ असेल तर त्याच एका फेरीत २.७ मीटर ढकलावे लागतात. सपाटीवर हा फरक कळत नाही. घाटात, गुडघ्यात, लगेच कळतो. हलका गिअर म्हणजे कमकुवतपणा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या मारता येणं हे गुडघ्यांसाठी चांगलं. शिमानोच्या क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ या चढत्या श्रेणीत पहिल्या सायकलीला कोणतीही चालेल. पैसे अडत असतील तर वरच्या श्रेणीपेक्षा योग्य सीट आणि चांगल्या सायकलिंग शॉर्टवर खर्च करा.

टायर २८ मि.मी. किंवा ३० मि.मी. हवा किती भरायची हे वजनावर ठरतं, आणि हलक्या बायकांच्या टायरमध्ये जवळजवळ नेहमी जास्त हवा भरलेली असते. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची सूचना नव्हे. वजन ५५ किलोच्या आसपास असेल तर २८ मि.मी. टायरमध्ये ६० ते ६५ पीएसआयपासून सुरू करा. हात आणि पाठ दुखत असलेल्या एका मुलीला मी फक्त हवा कमी करायला सांगितली होती. तिचा प्रश्न तिथेच मिटला.

फ्रेम ॲल्युमिनियमची आणि पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, एवढ्यावर पहिली सायकल छान होते. पूर्ण कार्बन परवडत असेल तर घ्या, पण चुकीच्या मापाची कार्बन सायकल घेऊ नका.

दुकानात

व्यायामाचे कपडे आणि सपाट तळव्याचे बूट घालून जा, मापांचा कागद सोबत ठेवा. चाचणीला निघण्याआधी सीटची उंची तुमच्या इनसीमप्रमाणे लावून मागा; "नुसतं बघायला तर घेताय" असं म्हणणाऱ्याला ठामपणे थांबवा. किमान वीस मिनिटं चालवा. पार्किंगमधल्या दोन फेऱ्यांत काहीच कळत नाही. एखादा चढ घ्या, उतारावर जोरात ब्रेक लावून बघा, एका हाताने चालवून बघा. हात बोंडांवर ठेवून कोपरं सहज किंचित वाकलेली राहतात का? हात अलगद उचलले तर धड क्षणभर तरी तोलून राहतं, की लगेच पुढे कोसळतं? कोसळत असेल तर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे.

विकत घेताना एक गोष्ट नक्की सांगा: फोर्कची वर आलेली नळी इतक्यात कापू नका आणि स्टेमखालच्या चकत्या सगळ्या राहू द्या. सायकल नेटकी दिसावी म्हणून काही जण ती नळी आधीच कापतात. कापलेली नळी परत वाढत नाही आणि हँडल वर घ्यायची सोय कायमची जाते.

घरी सायकल अंगाला बसवणं

४, ५ आणि ६ मि.मी.च्या ॲलन की, मोजपट्टी, चिकटपट्टी आणि शक्य असेल तर टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना. सायकल भिंतीजवळ किंवा ट्रेनरवर (सायकल जागेवर उभी धरणाऱ्या स्टँडवर) ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे: सीटची उंची, मग सीट पुढे-मागे, मग सीटचा कल, आणि हँडल सर्वांत शेवटी. काहीही हलवण्याआधी जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण करा. एका वेळी एकच बदल, तोही ५ मि.मी.पेक्षा जास्त नको, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय दुसरा बदल नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे बरं वाटलं तेच कळत नाही.

उंची: इनसीमला ०.८८३ ने गुणा. इनसीम ७२ सें.मी. असेल तर उत्तर ६३.६ सें.मी. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. ही सुरुवात आहे, अंतिम आकडा नव्हे. पडताळणी अशी: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल तळाशी न्या, पाय सरळ व्हावा, पण कंबर त्या बाजूला झुकू नये. चवडा पॅडलवर आला की गुडघा आपोआप हलका वाकतो, आणि तेवढा वाक हवाच. सीटच्या दांड्यावर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ असते, ती कधीही बाहेर येऊ देऊ नका. सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत ही सवय मात्र सोडावी लागते. रोड सायकलवर थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. हे आधी मोकळ्या मैदानात दहा-वीस वेळा करून बघा.

पुढे-मागे: पॅडल आडवे ठेवा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खालून ओळंबा सोडा. दोरीला बांधलेलं नटही चालतं. तो पॅडल ज्या आसावर फिरतं त्याच्या आसपास पडावा. यालाही शास्त्र म्हणून कवटाळून बसू नका, सुरुवातीची जागा मिळते एवढंच. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढण्याची चूक मात्र करू नका. सीटची जागा पाय ठरवतात. हात पोचत नसतील तर स्टेम बदला.

कल: सीटवर सपाट पुस्तक ठेवून फोनमधल्या लेव्हलने मोजा. सपाट ठेवून सुरुवात करा. पुढच्या मऊ भागावर दाब येत असेल तर नाक एक-दोन अंश खाली करा. त्याहून जास्त केलं तर तुम्ही पुढे घसरता आणि सगळं वजन मनगटांवर येतं.

हँडल: सुरुवातीला सीटच्या पातळीवर किंवा किंचितच खाली असू द्या. चकत्या वर-खाली करणं मेकॅनिककडून करून घ्या, कारण त्यात पुढच्या बेअरिंगचा ताण नीट जुळवावा लागतो आणि तो चुकला तर हँडल खडखडतं. स्टेम उलटा करून लावला तरी हँडल बरंच वर येतं. हे फुकट आहे आणि फार थोड्यांना माहीत असतं. नट आवळताना भागावर छापलेला न्यूटन मीटरचा आकडा पाळा, कार्बन भागांवर तर नक्कीच.

सीट, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

सायकल सोडून देणाऱ्या जितक्या बायका मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींनी सीटमुळे सोडली, आणि कोणाला सांगायचीही लाज वाटली म्हणून सोडली. त्यामुळे स्पष्टच लिहिते.

सीटवर वजन हाडांवर पडलं पाहिजे. सीट अरुंद असेल तर हाडं कडेवरून खाली घसरतात आणि योनीमुखाचा मऊ भाग चेंगरतो. पुठ्ठ्यावर आलेल्या मापात साधारण २ ते २.५ सें.मी. मिळवा, तेवढी रुंद सीट बघा. स्पेशलाइज्डच्या सीट १४३, १५५, १६८ मि.मी. अशा रुंदीत येतात, इतर कंपन्यांच्याही अशाच पायऱ्या असतात. सायकलीसोबत आलेली सीट बसेलच असं नाही. ती बदलायची तयारी ठेवा, आणि वापरून परत करता येईल अशी सोय देणारं दुकान मिळालं तर सोन्याहून पिवळं. मधे खाच किंवा पोकळी असलेली सीट अनेकींना सोयीची पडते. काहींना त्या खाचेच्या कडाच टोचतात, तेव्हा बसून बघण्याला पर्याय नाही.

जाड, गुबगुबीत जेलची सीट किंवा वरून चढवायचं मऊ कव्हर घेऊ नका. पहिली दहा मिनिटं ते सुखाचं वाटतं. मग हाडं त्यात रुततात आणि मधला फुगलेला भाग नेमका मऊ जागी दाबू लागतो.

हा त्रास नवख्या बायकांनाच होतो असंही नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तयारीत ब्रिटनच्या सायकलपटू बायकांच्या याच दुखण्यावर तिथल्या वैद्यकीय चमूने काम केलं होतं, आणि त्याच सुमारास यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतीत सीट किती झुकवता येईल याचा नियम सैल केला. त्या चमूचा आणखी एक सल्ला होता: तिथले केस वॅक्स किंवा रेझरने काढू नका, कारण ते घाम आणि घर्षण यांपासून कातडीचं रक्षण करतात. हा बदल मी स्वतः केला आणि पुळ्या येणं थांबलं.

पॅड शिवलेली सायकलिंग शॉर्ट बायकांसाठीचीच घ्या, आणि आत चड्डी घालू नका. चड्डीची शिवणच कातडी कापते. प्रत्येक वापरानंतर शॉर्ट धुवा, घरी आल्यावर लगेच बदला. लांब फेरीआधी शॅमी क्रीम, म्हणजे घर्षण कमी करणारं मलम, लावा. सुगंधी किंवा थंडावा देणारं नको. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात, म्हणून अनेक जणी मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरतात. त्या दिवसांत तो भाग जास्त हुळहुळा असतो, फेरी आखूड ठेवली तरी काही बिघडत नाही. बाळंतपणानंतर टाके असतील तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सीटवर बसा, आणि सीट पुन्हा नव्याने निवडावी लागेल हे गृहीत धरा. बधिरपणा फेरी संपल्यावरही राहत असेल, एका बाजूला सूज किंवा गाठ जाणवत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सीट बदलत बसून महिने घालवू नका.

दुखलं तर कुठे बघायचं

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, किंवा तुम्ही फार जड गिअर ढकलताय. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट वर आहे. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट नक्कीच वर आहे, आणि कातडी सोलवटण्याचं कारणही बरेचदा हेच असतं. करंगळीकडची बोटं बधिर होणं म्हणजे हातांवर वजन जास्त: हँडल लांब, हँडल खाली, किंवा सीटचं नाक फार झुकलेलं. मान आणि खांदे दुखत असतील तर आधी लांबी तपासा, मग हँडलची रुंदी. पायाची बोटं बधिर होत असतील तर बूट सैल करून बघा.

क्लिपलेस पॅडलची, म्हणजे ज्यात बूट अडकवून बसवतात त्या पॅडलची, घाई नको. महिना-दोन महिने साध्या पॅडलवर चालवा, मग बुटाच्या तळाला दोन स्क्रूंनी पट्टी बसवायची एसपीडी पद्धत घ्या. त्या बुटांनी चालताही येतं.

हे सगळं करूनही त्रास उरला तर सायकल फिटिंग करणाऱ्या जाणकाराकडे जा. जाण्याआधी विचारा: बायकांच्या सीटचा अनुभव आहे का, तीन-चार सीट बसून बघायला मिळतील का, आणि महिन्याने परत येऊन बदल करून मिळेल का. सीटच्या दुखण्याबद्दल विचारल्यावर जो अवघडतो किंवा "सवय होईल" म्हणतो, त्याला सोडून दुसरा शोधा.

पहिल्या १००-१५० किलोमीटरनंतर केबल थोड्या ताणल्या जातात, नट सैल होऊ शकतात. तेव्हा सायकल एकदा मेकॅनिकला दाखवा. पण नेण्याआधी वहीत लिहून ठेवा: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, सीटचा कल, स्टेमची लांबी आणि त्याखाली किती चकत्या आहेत ते. धुण्या-पुसण्यात किंवा प्रवासात सीट खाली-वर झाली, तर ती पाच मिनिटांत जागेवर आणता येते.